बिनभिंतीच्या कचेरीतलं रजिस्टर

१

शुक्रवारी अकराची घंटा झाली तेव्हा लाल कापडी बांधणीचं ते रजिस्टर मधल्या मेजावर होतं. घंटेनंतर पाच मिनिटांनी ते तिथे नव्हतं.

घडलं ते एवढंच. पण एवढ्यानेच टंकलेखिका आशाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मेजाखाली पाहिलं, यंत्राखाली पाहिलं, स्वतःच्या पदराखालीसुद्धा पाहिलं. नाही म्हणजे नाही.

ही कचेरी मुळात होती कशी, ते आधी सांगायला हवं, नाहीतर चोरी कळायची नाही. हिंगोलीच्या बाहेर, नरसीच्या रस्त्याला, कापसाच्या जिनिंगचं एक बंद पडलेलं गोदाम होतं. डोहवाडीच्या नव्या तलावात ज्या एक्केचाळीस कुटुंबांची घरंदारं बुडणार होती, त्यांना बदली जमीन देणारं कार्यालय त्या गोदामात भरे. साल शहात्तर, महिना एप्रिल, आणि डोक्यावर पत्रे. आधी आत पाच खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक कारकून, आणि प्रत्येक कारकून आपल्या खोलीचा राजा. एका कागदाला शेजारच्या खोलीत जायला आठ दिवस लागत.

मग पुण्याहून सरनाईक साहेब आले. त्यांनी पाचही खोल्या पाडल्या. म्हणाले, माणसं एकमेकांना दिसली की कामं आपोआप होतात. जिनिंगच्या जुन्या ढकलगाड्यांची चाकं काढून ती मेजांना लावली. आडोशाला तुराट्यांच्या ताट्या केल्या, दुपदरी, मधे चार बोटांची पोकळी, वरून शेणमातीचं सारवण. पोकळीमुळे ऊन आत येत नसे, आणि खाली लाकडी पाय असल्यामुळे दोघांनी उचलली की ताटी हवी तिथे जात असे. सकाळी अर्ज घ्यायचे तेव्हा मेजं रांगेत. अकराला घंटा, की सगळ्यांनी उठून मांडणी बदलायची आणि नकाशांसाठी मेजं जोडायची. दुपारी पुन्हा घंटा, सुनावणीला गोल. कुणाची ठरलेली खुर्ची नाही, कुणाचा खण नाही, कुणाचं कुलूप नाही. खरं सांगायचं तर कल्पना झकास होती. मे महिन्यासारख्या उन्हात आत बसवत होतं आणि आठ दिवसांचा कागद अर्ध्या दिवसात निघत होता.

कुलूप नाही म्हणून साहेबांनी एक 'हातोहात वही' ठेवली होती. सामाईक वस्तू जो घेईल त्याने त्या वहीत सही करायची. पुढच्याची सही होईपर्यंत वस्तूची जबाबदारी त्याचीच.

रजिस्टरपुढे शेवटची सही होती आशाबाईची. वेळ, दहा चाळीस.

२

त्या रजिस्टरात एक्केचाळीस कुटुंबांचे अंगठे होते. कुणाला कोणता तुकडा मिळाला, त्याने तो कबूल केला, आणि साहेबांनी स्वतः जागेवर जाऊन जमीन पाहिली, असं सगळं त्यात. दुसरी प्रत नव्हती. ती करायलाच तर आशाबाईने रजिस्टर घेतलं होतं आणि तिची सहाच नावं टंकून झाली होती.

"कोणी बाहेर गेलं का रे?" साहेबांनी दाराशी बसणाऱ्या भीमसिंगला विचारलं.

"एक माणूस न्हाई गेला सायेब. कसम." भीमसिंग तांड्यावरचा गडी, छातीवर पितळी बिल्ला, शब्दाला पक्का. गोदामाला दार एकच. आणि साहेबांचाच नियम होता की दारातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू त्याने तपासायची. साहेबांची बॅगसुद्धा.

म्हणजे रजिस्टर आतच होतं. सगळे शोधाला लागले. मेजं उलटी केली, रांजणात हात घातले, गोणपाटं झटकली. अव्वल कारकून उकंडराव, साठीला टेकलेला माणूस, खुर्चीवर चढून पत्र्याखालचे वासे चाचपत होता. मोजणीदार ग्यानोबाने नकाशाची एकेक गुंडाळी उलगडली. साहेब उंच, त्यांनी एकेका ताटीच्या वर हात फिरवून पाहिला. गुरुवारीच सुताराकडून आलेल्या नव्या ताटीची वरची कड अजून लिंपायची होती. तिच्या पोकळीत डोकावून ते म्हणाले, "इथेही काही नाही."

पाच वाजता भीमसिंगने एकेकाची झडती घेऊन सगळ्यांना सोडलं. आशाबाईची झडती सफाईवाल्या रूपाबाईने घेतली. ती बिचारी मान वर करायला तयार नव्हती.

जायच्या आधी साहेबांनी आशाबाईला बोलावलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"सोमवारी बारा वाजता परभणीहून तपासणीचे साहेब येताहेत, आपली मांडणी पाहायला. तोवर रजिस्टर मिळालं तर ठीक. नाहीतर वहीत सही तुमची आहे, आशाबाई. मी तरी काय करणार?"

ते दिवस आणीबाणीचे होते. सरकारी कागद गहाळ झाला तर नुसती नोकरी जाऊन भागत नसे. कुठल्याशा कचेरीतला कारकून दुपारी जेवायला गेला तो परत आलाच नाही, असं लोक दबक्या आवाजात सांगत. आशाबाईची नोकरी तात्पुरती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, कुरुंद्याला म्हातारे सासू-सासरे तिच्या मनीऑर्डरीवर जगणारे. ती तुरुंगात गेली तर त्यांना पाण्याचा तांब्या देणारं कुणी नव्हतं.

"आणि हो," साहेब म्हणाले, "परभणीला नमुन्याची ताटी पाठवण्याचं पत्र पुन्हा टंका. चार नंबरची नको, नवी पाठवू."

असल्या वेळी साहेबांना ताटी सुचते, म्हणजे कमालच, असं तिच्या मनात आलं. पण तिने पत्र टंकलं. त्यात तीन कागद वाया गेले.

३

शनिवारी अर्धा दिवस कचेरी. कुणी कुणाकडे बघेना. भिंती नसलेल्या जागेत न बघणं फार अवघड असतं. आशाबाईने मान वर केली की चार माणसं एकदम कागदात डोकं घालत. पाठीवर नजरा टोचत होत्या. घरी बसून रडण्यापेक्षा विचारून बघू, असं तिने ठरवलं. उचलणारा माणूस या गोदामातलाच होता आणि तिच्यापासून दहा हातांवर बसून चहा पीत होता, याची तिला खात्री होती.

तिचा पहिला संशय उकंडरावावर होता. त्याची खोली गेली होती. वीस वर्षांचं दार, दारावरची पाटी, खुंटीवरची टोपी, सगळं एका दिवसात गेलं होतं.

"भाऊसाहेब, काल घंटा झाली तवा तुम्ही कुठं होते?"

"मेजापाशीच होतो की. काहून? माह्यावर शक हाये का तुमचा?" त्याने चष्मा कपाळावर ढकलला. "सांगून ठिवतो, बाई. ह्या उघड्या मंडईत काम करायचा मला कंटाळा आलाय. माही खोली परत मिळावी असं मला रोज वाटतं. पण त्या रजिस्टरात एक्केचाळीस घरचे आंगठे हायेत. त्यातले निम्मे म्या हात धरून उठवून घेतले. म्या कागदाचा माणूस हाय. कागद मारणारा नव्हं."

"मग मेजापाशी आणखी कोण होतं?"

"सायेब आन् ग्यानोबा. नवी ताटी उचलून नेत व्हते. मेजाला घासूनच गेले, ताटीनं मलाबी झाकलं. म्या माही खुर्ची ढकलत व्हतो, पाठ तिकडं."

ग्यानोबाला तिने विचारलं तर तो दचकलाच. पंचविशीचा पोरगा, डोहवाडीचाच. त्याच्या बापाचा अंगठा त्या रजिस्टरात होता.

"म्या पुढच्या टोकाला व्हतो, आक्का. मागं काय झालं मला काय ठावं?" इकडेतिकडे बघून त्याने आवाज उतरवला. "हितं बोलू नका. हितं समद्याला समदं दिसतं."

त्याच्या चेहऱ्यावरची भीती तिच्यापेक्षा कमी नव्हती. ते पाहून तिचा संशय त्याच्यावर गेला.

कचेरी सुटायच्या वेळी ती दाराशी आली तर रूपाबाई सारवणाची पाटी घेऊन तणतणत बसलेली. दर शनिवारी सगळ्या ताट्या सारवायचं काम तिचं. शुक्रवारी ती शेण आणि माती भिजत घाली, शनिवारी सकाळी त्यात भुसा मिसळून हात मारी.

"काय झालं, मावशी?"

"व्हायचं काय? माह्या कामाला कोण मेल्यानं हात लावला? नव्या ताटीची वरली कड म्या यायच्या आदीच लिंपून ठिवली कुनीतरी. माहा हात न्हाई तो. बाईमाणसाचाच न्हाई."

"बाईचा नाही, हे कसं ओळखलं?"

रूपाबाईने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आवं, बाईचा हात गोल फिरतो. कमान उमटती बोटांची. ह्यो वरून खाली वरबाडलाय, उभा. काल भिजवलेली पाटीबी निम्मी सरली. आन् तिथं वर, सात फुटावर, स्टुलाबिगर कोन पोचतंय, सांग बरं."

"तुम्ही मग पुन्हा सारवली ती कड?"

"म्या काहून सारवू? ज्यानं केली त्यानं निस्तरावं. खालचं आंग सारवलं आन् आले."

४

रविवारी दुपारी आशाबाई गोदामावर गेली. तिने जायला नको होतं हे तिलाही कळत होतं. भीमसिंग फाटकाशी राहायचा. त्याने तिचा उतरलेला चेहरा पाहिला, काही न विचारता कडी काढली आणि शेळी बांधायला निघून गेला.

आत कुणीच नव्हतं. पत्रे उन्हाने कडकड वाजत होते. ताट्या सोमवारच्या मांडणीत उभ्या होत्या, आणि एका ताटीआडून दुसरी, दुसरीआडून तिसरी अशी वाट काढत तिला नव्या ताटीपाशी जावं लागलं. ती स्टुलावर चढली आणि बघत राहिली.

खालचं सारवण गुळगुळीत वाळलं होतं. वरच्या कडेचं मात्र तडकलं होतं. बोट जाईल एवढ्या भेगा, उन्हातल्या गाळासारख्या. तिने एक खपली उचलली. नुसती माती आणि शेण. भुशाची एक काडी नाही.

ती कुरुंद्याची. सारवणात भुसा नसला तर ते वाळल्यावर फुटतं, हे तिला पाचव्या वर्षी कळलं होतं. उकंडरावाला कळत होतं, ग्यानोबाला कळत होतं, तांड्यावरच्या भीमसिंगला कळत होतं. मातीच्या घरात वाढलेल्या कुणालाही कळतं. आणि भुशाचं पोतं तर पाटीशेजारीच पडलेलं असे. मग ते न वापरणारा माणूस कोण?

एकाएकी तिला आठवलं. परभणीच्या साहेबांसाठी केलेली ती बत्तीस पानी पुस्तिका, मोकळ्या कार्यालयाची मांडणी आणि बांधणी. ती तिनेच तर टंकली होती. पान अकरा. 'सारवण : शेण एक भाग, माती दोन भाग, पाणी आवश्यकतेनुसार.' तिने ते रूपाबाईला वाचून दाखवलं तेव्हा रूपाबाई पोट धरून हसली होती. म्हणाली होती, ह्या सायबाला भुसा ठावं न्हाई वाटतं.

एवढ्यात मागे काहीतरी वाजलं.

ती हळूच खाली उतरली. ताट्यांच्या पायांमुळे खाली वीतभर जागा मोकळी राहत असे. त्या जागेतून समोरच्या ताटीपलीकडचे दोन बूट दिसत होते. तपकिरी, पॉलिश केलेले. ते हलत नव्हते. किती वेळ तिथे होते कोण जाणे.

आशाबाई एक पाऊल डावीकडे सरकली. बूटही एक पाऊल सरकले. तिने उजवीकडे जाऊन पाहिलं. बूट उजवीकडे आले. दार बुटांच्या पलीकडे होतं.

"रविवारी कशा काय, आशाबाई?" सरनाईक साहेब ताटीआडून बाहेर आले.

"रजिस्टर... पुन्हा एकदा बघावं म्हटलं, साहेब."

"आणि ही ताटी? काय बघत होता?"

"छान झालीय. परभणीला जायची ना, म्हणून म्हटलं जवळून बघावी." स्वतःचा आवाज तिला परका वाटला. मुठीत मातीची खपली होती. ती तिने इतकी आवळली की नखं तळव्यात रुतली.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या व दाराच्या मधे बसले. खिशातून एक कागद काढला. "मी रात्रभर तुमचाच विचार केला. यावर सही करा. निष्काळजीपणामुळे रजिस्टर हरवलं, एवढंच लिहिलंय. नोकरी जाईल, पण पोलीस येणार नाहीत. मी शब्द देतो. सही नाही केली तर मात्र गोष्ट माझ्या हातात राहणार नाही. उद्यापासून तुमचे सासू-सासरे कुणाकडे बघतील याचा विचार करा."

त्यांना सासू-सासऱ्यांचं ठाऊक होतं. ती ओरडली असती तरी फाटकापर्यंत आवाज गेला नसता.

"उद्या करते, साहेब," ती म्हणाली. "परभणीच्या साहेबांसमोर करते. म्हणजे तुमच्या शब्दाला साक्ष राहील."

साहेबांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग त्यांनी खुर्ची सरकवून वाट दिली.

५

ती तडक ग्यानोबाच्या खोलीवर गेली. तो आत चुलीपाशी भाकरी थापत होता. तिला पाहून त्याने आधी दार लावलं.

"ग्यानोबा, रजिस्टर कुठं आहे ते मला कळलंय. कुणी ठेवलं तेही कळलंय. का ठेवलं, ते तुला ठाऊक आहे. सांग, नाहीतर उद्या मी आत जाते."

त्याने तव्यावरची भाकरी करपू दिली. मग बोलला.

"तुकडे खोट्या जागी पडलेत, आक्का. बारा नंबरपास्नं एक्केचाळीसपर्यंत. तलाव भरला की तिथंबी पाणी येतं. म्या गुरुवारी नव्यानं मोजलं. ज्या गावाला बुडतंय म्हणून उठवलं, त्येला पुन्हा बुडत्या जमिनीत न्हेऊन बसवून राहिले आमी. माहा बापबी त्यातच हाये."

"साहेबांना सांगितलं?"

"सांगितलं की. म्हणले, सोमवारी तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू, तवर तोंड बंद. रजिस्टरात त्यांची सही हाये ना, जागेवर जाऊन जमीन पाह्यली म्हणून. ते गेलेच न्हाईत तिकडं. ताट्या करून घेत व्हते." त्याने डोळे पुसले. "माही नोकरी सहा महिन्यांची हाये. भेव वाटलं, आक्का. लई भेव वाटलं."

आशाबाईला त्याचा राग आला आणि कीवही आली. आता सगळं जुळत होतं. सही असलेलं रजिस्टर नाहीसं झालं की जमीन अजून वाटलीच नव्हती असं म्हणता येतं, आणि दोष टंकलेखिकेवर जातो. पण साहेबांना ते बाहेर नेता येत नव्हतं. त्यांच्याच नियमाने भीमसिंग त्यांची बॅग उघडून बघत असे. म्हणून रजिस्टर ताटीत गेलं होतं, आणि ताटी सोमवारी ट्रकमधून सन्मानाने बाहेर जाणार होती.

"उद्या बोलशील?" तिने विचारलं.

ग्यानोबाने करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

६

सोमवारी बाराला परभणीची जीप आली, मागोमाग ट्रक. दोन साहेब उतरले. थोरले साहेब जाड भिंगांचे, कमी बोलणारे, हातात ती बत्तीस पानी पुस्तिका. त्यांनी मांडणी पाहिली, चाकांची मेजं ढकलून पाहिली, गारव्याची तारीफ केली. सरनाईक साहेब हसतमुखाने सगळं दाखवत होते. रजिस्टरचं सांगताना त्यांनी चेहरा पाडला आणि आशाबाईकडे बोट केलं. "त्या सही करायला तयार आहेत."

तोवर चार हमालांनी नवी ताटी उचलून दारापर्यंत नेली होती.

आता नाही तर कधीच नाही. आशाबाई धावतच दाराशी गेली.

"भीमसिंगदादा, थांबवा! बाहेर जाणारी वस्तू तपासायची ना?"

"ताटी आहे ती!" सरनाईक साहेब हसले. "ताटीत काय तपासणार?"

भीमसिंग हमालांपुढे आडवा झाला. "न्येम तुमचाच हाये, सायेब. बराबर?"

"भीमसिंग, बाजूला हो!"

थोरल्या साहेबांनी हात वर केला. "बाई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

तिने सांगायला सुरुवात केली. आवाज फाटत होता, मधेच थांबत होता, पण ती बोलत राहिली. शुक्रवारी ताटी मेजाला घासून गेली. मागच्या टोकाला कोण होतं? शोधाच्या वेळी हिच्या पोकळीत कुणी डोकावलं? चार नंबरची ठरलेली ताटी त्याच दिवशी कुणी बदलली? मग तिने पदराची गाठ सोडून मातीची खपली दाखवली.

"ही वरच्या कडेची आहे. रूपामावशीने ती लिंपली नाही. इथल्या कुणीच लिंपली नाही. यात भुसा नाही, साहेब. आम्ही सगळी मातीच्या घरातली माणसं. भुशाशिवाय सारवण आमच्या हातून होणारच नाही, भुशाचं पोतं तर बाजूलाच होतं. बिनभुशाचं सारवण एकाच ठिकाणी सांगितलंय. तुमच्या हातातल्या पुस्तिकेत, पान अकरा."

थोरल्या साहेबांनी पान अकरा उघडलं.

"हा मूर्खपणा आहे," सरनाईक साहेब म्हणाले. "एका बाईचं ऐकून सरकारी नमुना फोडणार?"

तेव्हा जो पुढे आला तो उकंडराव होता. त्याने रांजणातला तांब्या भरला, स्टूल ओढलं आणि कुणाला न विचारता पाणी वरच्या कडेवर ओतलं. माती ढेकळांनी गळून पडली. "फोडायला कशाला पाह्यजे," तो म्हणाला, "भुसा न्हाई तर आपोआप फुटतंय." हमालांनी ताटी उलटी केली. मातीने माखलेलं काहीतरी धप्पकन जमिनीवर आदळलं. लाल कापड दिसलं.

"कुणीही टाकलं असेल ते!" सरनाईक साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी का टाकीन? मला काय कारण?"

आशाबाईने ग्यानोबाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. तिला वाटलं, गेलं. सगळं हातातोंडाशी येऊन गेलं.

मग ग्यानोबा हलला. त्याने नकाशा आणून मेजावर पसरला, त्यावर रजिस्टर उघडलं आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेला. "बारा. पाण्याखाली. तेरा. पाण्याखाली. चौदा. ह्यो माहा बाप, सायेब. पाण्याखाली." आणि खाली सही. जागा प्रत्यक्ष पाहिली.

थोरल्या साहेबांनी चष्मा काढला. "सरनाईक, तुम्ही ही जागा पाहिली होती?"

सरनाईक साहेब गोदामाकडे बघत होते. पाडलेल्या भिंतींकडे, उघड्या मेजांकडे. "दालन चांगलं झालंय ना, सर?" ते म्हणाले. "निदान तेवढं तरी लिहा."

"दालन चांगलंच झालंय," थोरले साहेब म्हणाले. मग त्यांनी सरनाईक साहेबांपाशी थांबायला जीपमधल्या शिपायाला हाक मारली, एक्केचाळीसही वाटप तिथल्या तिथे थांबवलं आणि ग्यानोबाला नव्याने मोजणी करायला सांगितलं.

पंचनामा लगेच टंकायचा होता. टंकणारं माणूस एकच होतं. आशाबाई यंत्रापुढे बसली, कागद घातला. थोरले साहेब पाठीमागे उभे राहून सांगत होते. तारीख, ठिकाण, वस्तूचं वर्णन. तिची बोटं भराभर चालली.

"दोषी व्यक्तीचं नाव," थोरले साहेब म्हणाले.

तिने नाव टंकलं. मागे एकदम शांतता झाली म्हणून तिने कागदावर नजर टाकली. तिथे तिचं स्वतःचं नाव होतं. तीन दिवस त्या जागी तेच नाव दिसत आलं होतं तिला, झोपेतसुद्धा. बोटांना दुसरं नाव ठाऊकच नव्हतं.

ती हुंदके देऊन रडायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदाच, भर कचेरीत, सगळ्यांसमोर. आडोसा करायला एक ताटीसुद्धा जवळ नव्हती. कुणीही कागदात डोकं घातलं नाही. रूपाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. उकंडरावाने यंत्रातला कागद ओढून काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि तिच्या पुढ्यात नवा कोरा कागद ठेवला.

"सावकाश टंका, बाई," तो म्हणाला. "आमी हितंच हावोत."